बिलांतील एक ओळ

वाचनाची खोड जडलेल्या माणसाला पुढें येईल तें वाचल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या एका स्नेह्यांना जुन्या पंचांगांतील जाहिराती वाचण्याचा नाद होता. आम्हांला रुग्णालयांचीं बिलें वाचण्याचा आहे. आमचा व्यवसाय मानसोपचाराचा, आणि तो गेलीं तीस वर्षें पुण्यांतील निरनिराळ्या रुग्णालयांच्या कक्षांतून हिंडून करीत असल्यामुळें हा वाङ्मयप्रकार आमच्या हातीं वरचेवर येतो. त्यास वाङ्मय म्हटल्याबद्दल रसिकांनीं रागावूं नये. पांचसहा पानांचें बिल नीट वाचलें तर त्यांत एक सबंध कथा सांपडते. कोणत्या रात्रीं प्राणवायु लावला, कोणत्या पहांटे रक्त चढविलें, अतिदक्षता विभागांतून रोग्यास केव्हां बाहेर आणलें, आणि घरीं निघतांना किती दिवसांचीं औषधें बांधून दिलीं, हें सर्व तारीखवार तेथें नमूद असतें. हातमोज्यांच्या जोड्या आणि कापसाचीं पुडकीं हींसुद्धां त्यांत विसरलेलीं नसतात. ह्या कथेंत आमच्या वांट्याला एकच ओळ येते: ‘सायकियाट्री व्हिजिट’, पुढें भेटींची संख्या, आणि तिच्या पुढें रक्कम.

ही ओळ तेथें असणें ही गोष्ट सामान्य नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. मनाच्या रोग्याची जागा गांवाबाहेर, उंच भिंतीच्या आंत, असा आपल्याकडे पुष्कळ काळ समज होता; आणि १९१२ च्या ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’ची सारी दृष्टि रोग्याला बरें कसें करावें ह्यापेक्षां त्याला कोणाच्या हुकमानें व कोठें ठेवावें ह्याकडेच होती. येरवडा, ठाणें, नागपूर, रत्नागिरी हीं गांवें एरवीं किती चांगलीं. परंतु ‘त्याला तिकडे ठेवलें आहे’ असें म्हणतांना घरांतील वडील माणसें आवाज खालीं आणीत. अस्थिरोगाचा आणि नेत्ररोगाचा वैद्य ज्या इमारतींत बसतो त्याच इमारतींत मनाच्या वैद्यानेंहि बसावें, ही कल्पना आपल्या देशांत १९३३ सालीं कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस ह्यांनीं अमलांत आणली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत तसा विभाग १९३८ त निघाला. पुढें १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, आणि तोहि जाऊन २०१७ चा आला. तेव्हां एक्स-रे आणि कापूस ह्यांच्यामध्यें आमचें खातें छापून येतें, ह्याच्यामागें बऱ्याच वर्षांची वाटचाल आहे. आम्हांला ती ओळ पाहून अजूनहि थोडें बरें वाटतें.

मात्र ही ओळ फार थोडें बोलते. शल्यवैद्याच्या नांवापुढें कोणती शस्त्रक्रिया केली तें लिहिलेलें असतें; प्रयोगशाळेच्या खालीं कोणती परीक्षा केली तें असतें. आमच्या ओळींत ‘गेले आणि आले’ एवढाच मजकूर. उभ्याउभ्या झोपेची गोळी लिहून दिली तरी एक भेट. आणि तासभर खाटेशेजारच्या स्टुलावर बसून रोग्याचें, त्याच्या बायकोचें आणि रात्रपाळीच्या सिस्टरचें म्हणणें ऐकून घेतलें तरी एकच भेट. त्यांत आणखी मौज अशी कीं, ह्या भेटीचा दर आम्हीं किती ऐकलें ह्यावर ठरत नाहीं. रोगी कोणत्या खोलींत निजला आहे ह्यावर ठरतो. सामान्य कक्षांतील औदासीन्य स्वस्त, दोन खाटांच्या खोलींतील मध्यम, आणि वातानुकूल स्वतंत्र खोलींतील सर्वांत महाग. विम्याची तऱ्हा तर ह्याच्याहि पलीकडची आहे. पॉलिसींत खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल आणि रोग्यानें तीहून भारी खोली घेतली असेल, तर कंपनी केवळ भाड्यांत कपात करून थांबत नाहीं; त्या खोलीला जोडून येणाऱ्या डॉक्टरांच्या फीलाहि तीच कात्री त्याच प्रमाणांत लागते. खोली निम्मी मंजूर झाली कीं आमचें ऐकणेंहि निम्मेंच मंजूर होतें.

बिलांत जें येत नाहीं तें केसपेपरावर यावें अशी अपेक्षा असते. दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरांनीं आम्हांस बोलाविलें म्हणजे त्याला रुग्णालयाच्या बोलींत ‘रेफरन्स’ म्हणतात. रेफरन्सची चिठ्ठी बहुधा चार शब्दांची असते, आणि पुष्कळ वेळां तिचें उत्तरहि चार शब्दांचें असतें: ‘पाहिलें. अमुक गोळी रात्रीं.’ अशीं उत्तरें आम्हीं शेंकड्यांनीं वाचलीं आहेत. हीं लिहिणारे वैद्य वाईट होते असें नाहीं. त्यांतील कांहीं तर रोग्याशीं फार मायेनें बोलत. पण ती माया कागदावर उतरत नसे, आणि दुसऱ्या दिवशीं खाटेजवळ येणाऱ्या माणसाला कागदाखेरीज दुसरें कांहीं उपलब्ध नसतें.

एक उदाहरण देतों. येथें आणि पुढेंहि ओळख पटूं नये इतके तपशील बदलले आहेत. इंदापुराकडचे एक सत्तरी गांठलेले शेतकरी खुब्याचें हाड मोडून रुग्णालयांत आले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या रात्रीं त्यांनीं सलाईनची नळी ओढून काढली आणि खाटेवरून उतरूं लागले. आम्ही पोंचलों तेव्हां त्यांच्या दृष्टीनें तो कक्ष नव्हता, साखर कारखान्याचें आवार होतें. समोरच्या खाटा म्हणजे उसाच्या गाड्या. “गाडी पुढं घ्या, काटा मोकळा झालाय,” असें ते सिस्टरना पुन्हां पुन्हां बजावीत होते. अंगाला घाम, हातांना कांप. वार उलटे म्हणावयास सांगितले तर शुक्रवारापर्यंत येऊन पुन्हां गाड्यांकडे वळले. मुलगा दाराशीं डोळे पुसत उभा. बाप वेडा झाला अशी त्याची समजूत. आपल्या जुन्या लोकांनीं ह्या अवस्थेला ‘वात झाला’ असें म्हटलें असतें, आणि तें म्हणणें ‘वेड लागलें’ ह्यापेक्षां कितीतरी शहाणपणाचें आहे. कारण वात उतरतो हें त्या शब्दांतच गृहीत धरलेलें असतें.

वाताचीं कारणें अनेक. रक्तांतील क्षार बिघडतात, ताप असतो, एखादें औषध बाधतें. हीं सर्व तपासून झालीं. मग सून हळूच बाहेरच्या बोळांत आली आणि म्हणाली, “मामंजी रोज सांजच्याला थोडी घेत्यात. पर मी सांगितलं म्हणून ह्यांच्या कानावर घालू नका.” कोडें उलगडलें. रोजची दारू तीन दिवस एकाएकीं बंद झाली म्हणजे जो वात होतो तोच हा, आणि तो औषधावांचून सोडला तर माणूस दगावूं शकतो. आम्हीं निदान लिहिलें, थायमिनचीं इंजेक्शनें आणि लोराझेपामची मात्रा लिहिली, दर किती तासांनीं काय पाहावें तें लिहिलें, आणि सर्वांच्या वर ‘मद्य बंद झाल्यामुळें’ हे शब्द ठळक अक्षरांत लिहिले. पहांटे दोन वाजतां आम्ही तेथें नसतों. निवासी डॉक्टर असतो, आणि त्याच्या हातीं हा कागद असतो.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं विम्याच्या टेबलावरचा तरुण आमच्याकडे आला. मुलगा मोठा सालस आणि कामसू. “सर, ‘अल्कोहोल’ एवढा एक शब्द टाळता आला तर बघा ना. नाही तर अख्खी फाइल अडकेल.” त्याचें भय निराधार नव्हतें. विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं आरोग्यविम्याच्या पॉलिसींतून वगळावयाच्या गोष्टींची जी ठरीव शब्दांची यादी केली, तींत बारावें कलम दारू व इतर व्यसनें आणि त्यांचे परिणाम ह्यांच्या उपचारांचें आहे. शब्द ठेवावा तर कुटुंबाच्या पैशाला धोका, काढावा तर रोग्याच्या जिवाला. असा पेंच मांडला म्हणजे उत्तर अवघड नसतें, पण टेबलासमोर मुलगा हात जोडून उभा असतो तेव्हां तें तितकें सोपेंहि वाटत नाहीं. शब्द राहिला. त्याच्या जोडीला आम्हीं एक वेगळें पत्र दिलें: हाड मोडलें तें सकाळीं न्हाणीघराच्या ओल्या पायरीवरून घसरल्यानें, त्या वेळीं मद्य घेतलेलें नव्हतें असें घरचे सांगतात, शस्त्रक्रिया व्यसन असो वा नसो अटळच होती. अखेर शस्त्रक्रियेचा खर्च मंजूर झाला, आणि आमच्या भेटी व वातावरचीं औषधें एवढें वजा झालें. म्हातारबोवा सातव्या दिवशीं कुबडीवर, पूर्ण शुद्धीवर, घरीं गेले. जातांना त्यांनीं आम्हांस विचारलें, “तुम्ही कोणते डॉक्टर?” त्यांना आमची एकहि भेट आठवत नव्हती.

येथें वाचकांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. आमचें टिपण एक असलें तरी त्याचे वाचक अनेक आहेत, आणि प्रत्येकजण त्यांत निराळें शोधतो. निवासी डॉक्टर ‘आतां काय करूं?’ ह्याचें उत्तर शोधतो. विम्याची कचेरी ‘हें केव्हांपासून?’ ह्याचें. ह्या ‘पासून’ शब्दानें आमच्या व्यवसायांत जितका घोंटाळा केला आहे तितका दुसऱ्या कोणत्याहि शब्दानें केला नसेल. पॉलिसी घेण्यापूर्वींचा आजार असेल तर ठराविक काळ त्याचा खर्च मिळत नाहीं. ही मुदत पूर्वीं अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत असूं शके, २०२४ पासून ती छत्तीस महिन्यांहून अधिक असतां येत नाहीं. म्हणून तेथील परीक्षक टिपणांत तारीख हुडकीत असतो. आणि मराठी माणूस मनाचें दुःख सांगूं लागला कीं तो कोठून आरंभ करतो? “लग्न झाल्यापासून मला स्वस्थ झोप अशी नाहीच.” “आई गेल्यापासून काही गोड लागत नाही.” “लहानपणापासून मी भित्राच.” हा ‘पासून’ कालदर्शिकेंतला नसतो. तो दुःखाचा पल्ला सांगतो. आपल्या ओव्या आणि माहेरवाशिणींचीं बोलणीं ह्याच ‘पासून’नें भरलेलीं आहेत. पण तोच शब्द कोणी भाबडेपणानें इंग्रजींत उतरवून ‘नऊ वर्षांपासून निद्रानाश’ असें लिहिलें, कीं एका बाईच्या बोलण्याच्या ढबीचा जुना रोग बनतो आणि तिची फाइल परत येते. आम्ही रोग्याला ह्या बाबतींत पुन्हां खोदून विचारतों: कामांत अडथळा येऊं लागला तो केव्हां? औषध प्रथम घेतलें तें केव्हां? मग लिहितों: ‘त्रास तीन आठवडे, पूर्वीं उपचार नाहींत.’ ह्यांत लपवालपवी कांहीं नाहीं. भाषेचा अर्थ करणें हा आमच्या कामाचाच भाग आहे.

आमची एक भाची हिंजवडीच्या एका कचेरींत रात्रपाळीनें काम करते. तेथें अमेरिकेंतील रुग्णालयांचीं टिपणें येतात, आणि हीं मुलें तीं वाचून प्रत्येकाला एक सांकेतिक अंक लावतात. त्या अंकावरून तिकडे बिल होतें. असल्या कचेऱ्या आतां पुण्यांत, चेन्नईंत, हैदराबादेंत पुष्कळ आहेत. सात समुद्रांपलीकडील रोग्याच्या मनाचा ताळेबंद मुळा-मुठेच्या कांठीं व्हावा, ह्याचें आम्हांला प्रथम नवल वाटलें होतें. एका दिवाळींत फराळ करतां करतां आम्हीं तिला सर्व नीट समजावून सांगावयास लाविलें. अमेरिकन मेडिकल असोसिएशननें हे अंक १९६६ सालीं प्रथम प्रसिद्ध केले आणि तेव्हांपासून ते सारखे बदलत आहेत. मानसोपचाराच्या पहिल्या तपासणीचा एक जुना अंक होता, त्याचे २०१३ त दोन झाले: नुसती तपासणी असेल तर एक, वैद्यकीय उपचारहि असतील तर दुसरा. दुसऱ्या विभागाला दिलेल्या सल्ल्याचे स्वतंत्र अंक मेडिकेअर ह्या सरकारी योजनेनें १ जानेवारी २०१० पासून मानावयाचेंच सोडून दिलें. सल्लागार आणि मूळ डॉक्टर ह्यांना तेव्हांपासून एकाच पंगतींत बसविलें. २०२३ पासून रुग्णालयांतील भेटीची पायरी दोन रीतींनीं ठरूं शकते: निर्णय किती बिकट होता ह्यावरून, किंवा त्या दिवशीं एकंदर वेळ किती गेला ह्यावरून. पहिल्या दिवशींच्या भेटीला चाळीस मिनिटें, पंचावन्न मिनिटें, पंचाहत्तर मिनिटें अशा तीन पायऱ्या. आणि ह्या वेळांत टिपण लिहिण्याचाहि वेळ धरतात.

हें ऐकून आम्हांला हेवा वाटला, हें कबूल केलें पाहिजे. लिहिण्याच्या वेळालाहि मोल असलेला देश! पण भाचीनें पुढची गोष्ट सांगितली. संभाषणानें मानसोपचार करण्याचा सर्वांत लहान अंक तीस मिनिटांचा आहे, आणि तो लावावयास निदान सोळा मिनिटें लागतात. पंधरा मिनिटें ऐकलें तर तें जमेस नाहीं. सोळावें लागलें कीं मानसोपचार झाला. शिवाय जें पैशाला कारण होतें तें फुगतें. कालचें टिपण आज जसेंच्या तसें उचलून ठेवण्याची सोय यंत्रांत असल्यामुळें, घशांत नळी असलेल्या माणसाविषयीं ‘बोलणें सुसंगत’ असें सलग चार दिवस लिहिलेलें तिनें पाहिलें होतें. आम्ही हंसलों, ती हंसली नाहीं. “लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, हा आमचा पहिला नियम, मामा. पण लिहिलं म्हणजे केलंच, असं मला आता वाटत नाही.” बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, तिनें आजवर मानसोपचाराचा एकहि रोगी डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं.

आतां ज्या प्रकरणामुळें हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतों. एका तरुण विवाहित बाईंनीं जिवाचें बरेंवाईट करण्याचा प्रयत्न केला होता. प्राण वांचला. मेडिसिनच्या कक्षांत असतां आम्ही त्यांना तीन वेळां भेटलों. पूर्वीं अशा प्रसंगीं घरचे लोक आणि कधीं कधीं डॉक्टरहि ‘चुकून घेतलें’ असें लिहीत, कारण प्रयत्न करणें हाच गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानें, असा प्रयत्न करणारी व्यक्ति तीव्र ताणाखालीं होती असें मानावें, ती शिक्षेस पात्र नाहीं, असें ठरविलें. आणि १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागीं जी न्यायसंहिता आली तींत सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठीं केलेल्या प्रयत्नाखेरीज हा गुन्हा उरलेला नाहीं. कायद्याचें भय गेलें. लोकलज्जेचें गेलें नाहीं. बाईंच्या आईंनीं आम्हांला बाजूला घेऊन विचारलें, “डॉक्टर, तुमचं नाव बिलात येऊ नये असं काही करता येईल का?”

तसें करतां येत नव्हतें. बिल नवऱ्याच्या कचेरीच्या सामुदायिक विम्यांतून भागावयाचें होतें. आजार मनाचा असो वा शरीराचा, विमा समान पायावर दिला पाहिजे, असें त्याच कायद्याच्या २१ व्या कलमांत आहे, आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०२१ त एका कंपनीला तें स्पष्ट शब्दांत ऐकविलेंहि आहे. पण हक्क सांगावयाचा म्हणजे कारण सांगावें लागतें. तेविसाव्या कलमांत रोग्याच्या गुप्ततेचा हक्क आहे, आणि कोणाला माहिती देतां येईल ते अपवादहि आहेत. त्या अपवादांत विमा कंपनीचें नांव नाहीं. तिला कागद मिळतात ते पॉलिसीच्या अर्जावर पूर्वींच केलेल्या सहीच्या जोरावर. त्या सहीच्या वेळीं हा दिवस कोणाच्या डोळ्यांपुढें असतो? फाइल नवऱ्याच्या कचेरींतील दोन टेबलांवरून गेली. रक्कम मंजूर झाली.

अडीच वर्षांनीं त्या बाई आमच्याकडे आल्या. नवऱ्यानें घटस्फोटाचा अर्ज केला होता, आणि हिंदु विवाह कायद्याच्या तेराव्या कलमांत मानसिक विकृति हें जें एक कारण आहे तें त्यांत पुढें केलें होतें. पुरावा म्हणून बिलाची छायाप्रत जोडलेली. ‘सायकियाट्री व्हिजिट, ३’ ह्या ओळीखालीं कोणीतरी पिवळी खूण केली होती. ती ओळ आम्हीं आजवर इतक्या वेळां वाचली, पण ती आरोपासारखी दिसते हें त्या दिवशीं प्रथम पाहिलें. आम्हीं त्यांना सांगितलें कीं, रुग्णालयाकडे संपूर्ण केसपेपर मागा. आपले कागद पाहण्याचा रोग्याला हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणें मागितल्यापासून बहात्तर तासांत ते द्यावे लागतात, मात्र दाखल रोग्यांचे कागद तीन वर्षांपलीकडे ठेवण्याचें बंधन नाहीं. अर्ध्या वर्षाची सवड होती. प्रती मिळाल्या.

त्या आमच्या खोलींत बसून बाईंनीं वाचल्या. टिपण असें होतें: शुद्धि, लक्ष, स्मरण शाबूत. विचार सुसंगत; कोणताहि भास वा भ्रम नाहीं. सहा आठवड्यांच्या तीव्र ताणाची प्रतिक्रिया. पुन्हां प्रयत्न करण्याचा विचार आज नाहीं. तरी आई रात्रीं सोबत राहील. ‘चिडचिड करते, स्वयंपाकाकडे लक्ष नाहीं’: हें पतीचें सांगणें. ‘झोप येत नाहीं, बोलावयास कोणी नाहीं’: हें रुग्णाचें सांगणें. कोणतें वाक्य कोणाचें, हें प्रत्येक ठिकाणीं लिहिलें होतें. विकृतीच्या आरोपाला ह्याहून पुरें उत्तर वकिलालाहि लिहितां आलें नसतें, आणि तो मुद्दा पुढें न्यायालयांत कोणी नेटानें चालविला नाहीं. एका ओळीनें जें अर्धवट सांगून ठेवलें होतें तें ह्या दीड पानानें पुरें केलें. ‘पाहिलें. अमुक गोळी रात्रीं.’ एवढेंच तेथें असतें तर काय झालें असतें, ह्याचा आम्ही त्या संध्याकाळीं बराच वेळ विचार करीत बसलों होतों.

परंतु बाईंचें बोट एका वाक्यावर थांबलें. ‘घरांतील ताणाचा तपशील रुग्णाच्या इच्छेवरून येथें नोंदविलेला नाहीं.’ त्या म्हणाल्या, “तेव्हा मीच नको म्हटलं होतं.” थोड्या वेळानें म्हणाल्या, “आज लिहिलेलं असतं तर उपयोगी पडलं असतं.” दोन्ही खरें होतें. ज्या दिवशीं त्यांनीं नको म्हटलें त्या दिवशीं तो कागद नवऱ्याच्या कचेरींतून जावयाचा होता. ज्या दिवशीं हवा वाटला त्या दिवशीं तो न्यायालयांत जावयाचा होता. त्यांनीं जें सांगितलें होतें तें आम्हांला आठवत होतें. बोलावलें तर सांगावयास येऊं, असें आम्हीं म्हटलें. बोलावणें आलें नाहीं.

अमेरिकेंत ह्यावर एक तोड आहे, ती मात्र आम्हांला अंकांच्या साऱ्या पसाऱ्यापेक्षां अनुकरणीय वाटते. तेथें मानसोपचारकाला रोग्याच्या बोलण्याचें टिपण मूळ फाइलींतून वेगळें ठेवतां येतें. भेटीची वेळ, निदान, औषधें, उपचाराची दिशा हें सर्व फाइलींत. बोलण्याचा तपशील दुसऱ्या वहींत. २००३ पासून अमलांत असलेल्या गुप्ततेच्या नियमाप्रमाणें ती दुसरी वही दाखविल्याखेरीज पैसे देणार नाहीं असें विमा कंपनीला म्हणतां येत नाहीं. त्यापूर्वीं १९९६ त तेथील सर्वोच्च न्यायालयानेंहि मानसोपचारकाजवळ केलेल्या बोलण्याला संरक्षण दिलें होतें. आपल्याकडे पूर्वीं असें संरक्षण एकाच गोष्टीचें होतें: डॉक्टरांच्या अक्षराचें. तें कोणालाच लागत नसे. आतां संगणक आल्यामुळें तेंहि गेलें.

गेल्या वर्षीं एका रुग्णालयानें आपले छापील फॉर्म नवे करावयाचे ठरविलें आणि आमच्याकडून सूचना मागविल्या. आम्हीं तीन दिल्या. रेफरन्सच्या कागदावर भेट केव्हां सुरू झाली व केव्हां संपली ह्याचा रकाना असावा. प्रत्येक माहितीपुढें ‘सांगणार कोण’ हा रकाना असावा. आणि बिलावर विभागाचें नांव छापावें कीं नुसतें ‘तज्ज्ञ सल्ला’ असें छापावें, हें रोग्याला विचारून ठरवावें. तिसऱ्या सूचनेवर आमच्याच व्यवसायबंधूंत मतभेद झाला. कित्येकांचें म्हणणें, विभागाचें नांव सरसकट काढूनच टाकावें. तें आम्हांला पटत नाहीं. जें नांव एक्स-रे आणि कापूस ह्यांच्या पंक्तीला यावयास इतकीं वर्षें लागलीं, तें आपल्याच हातानें पुसून पुन्हां भिंतीआड ठेवावें, हें आम्हांस पाहवणार नाहीं. पण ज्या घरांत त्या ओळीखालीं पिवळी खूण होणार आहे, त्या घरच्या बाईला आम्हीं तत्त्व ऐकविणें हेंहि बरें नव्हे. म्हणून विचारावें, एवढेंच आमचें म्हणणें.

पहिल्या दोन सूचना मान्य झाल्या. वेळेचा रकाना छापून आला आहे, आणि तरुण डॉक्टर तो भरतातहि. बिलांतील रक्कम मात्र पूर्वींप्रमाणें खोलीवरूनच ठरते. तिसऱ्या सूचनेवर हिशेब-खात्याच्या प्रमुखांनीं शेरा मारला कीं, बिलाच्या यंत्रांत खात्याचें नांव रोगीवार बदलण्याची सोय नाहीं, तरी कंपनीला लिहून विचारतों. दिवाळीच्या सुमारास आम्हीं त्यांना पुन्हां गांठलें. उत्तर यावयाचें आहे, असें ते म्हणाले.